पांढरीतील जोडघर : ढोकी परिसराच्या संदर्भात घरभाड्याचा विचार

मराठी गावाच्या आर्थिक इतिहासात जमिनीच्या खंडाचा विचार जितक्या तपशिलाने झाला आहे, तितका घराच्या भाड्याचा झालेला नाही. याचे कारण उघड आहे. जमीन राज्याला महसूल देत असे. म्हणून तिची मोजणी, प्रतवारी आणि वारसनोंद दप्तरांत उतरली. गावठाणातील घर बहुधा या हिशेबाच्या बाहेर राहिले. कूळ आणि भाडेकरू हे दोन शब्दच पाहावेत. कुळाच्या पाठीशी कायद्यांची, चौकशी समित्यांची आणि न्यायनिवाड्यांची मोठी परंपरा उभी आहे. गावातील बिऱ्हाडकरूच्या पाठीशी तोंडी ठराव आणि महिन्याच्या महिन्याला हातात दिलेली रक्कम यांपलीकडे सहसा काही नसते.

तथापि बाजाराच्या व कारखान्याच्या गावांतून आता एक नवा व्यवहार रूढ झालेला दिसतो. जुने घर दुरुस्त करून, मध्ये भिंत घालून किंवा मूळचीच भिंत कायम ठेवून त्याची दोन बिऱ्हाडे करावयाची, ती भाड्याने द्यावयाची, आणि मग ते घर 'चालू भाड्यासह' विकावयाचे, असा हा व्यवहार आहे. घेणारा तेथे राहावयास येत नाही. तो येणाऱ्या भाड्यासाठी घर घेतो. गावातील घर हे अशा रीतीने भांडवल होते. ही गोष्ट वरवर साधी वाटली, तरी तिच्यामागे घराविषयीच्या कल्पनेत झालेला मोठा पालट आहे. तो कसा घडला हे धाराशिव जिल्ह्यातील ढोकी या गावाच्या परिसरावरून पाहणे उपयुक्त ठरेल. लातूर-बार्शी मार्गावरील हे गाव फार मोठे नाही; परंतु रेल्वे, साखर कारखाना आणि पगारदार वर्ग या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या आहेत.

जुन्या मराठी गावाची रचना काळी आणि पांढरी या दोन शब्दांत सांगितली जाते. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीतील घरठाण हे गावाच्या घटकत्वाचे चिन्ह होते. पेशवाईच्या अखेरीस जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने केलेल्या अहवालात मिरासदार व उपरी यांचा भेद स्पष्ट केलेला आहे. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा. उपरी हा बाहेरून आलेला, कराराने कसणारा. हा भेद शेताच्या बांधावर संपत नसे. गावच्या मानपानात, पंचायतीत आणि वस्तीतही तो जाणवे. उपऱ्याला राहावयास जागा मिळे, परंतु ती कोणाच्या तरी आश्रयाने. तिचा मोबदला रोख भाड्यापेक्षा कामाच्या, धान्याच्या किंवा उपकाराच्या रूपाने फिटत असावा असे मानावयास जागा आहे. बलुतेदाराचे घर तर त्याच्या सेवेशीच जोडलेले होते. जो गावाचा आहे त्याला घर आहे, आणि ज्याला घर आहे तो गावाचा आहे, असे हे समीकरण होते. त्यात भाडेकरूला स्वतंत्र स्थान नव्हते.

प्रवाशाच्या निवाऱ्याची कल्पनाही अशीच निराळी होती. ढोकीजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस'च्या अज्ञात ग्रीक लेखकाने पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली पेठ म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. अशा पेठेत परगावचे व्यापारी उतरत असणार. त्यांच्या उतरण्याची सोय कशी होत असेल याची कल्पना त्याच काळाच्या आसपासच्या नाशिक येथील लेण्यांतील लेखांवरून करता येते. नहपानाचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे चौसोपी निवासस्थाने बांधून दान केल्याचे तेथे नमूद आहे. त्याच दात्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरविले. ही जोडी मोठी बोलकी आहे. रोख रक्कम वाढीस लावली, घर मात्र दान दिले. पैसा व्याजाला आणि निवारा पुण्याला, ही विभागणी पुढे धर्मशाळा, मठ आणि मारुतीचे देऊळ यांच्या रूपाने गावोगाव टिकली.

याचा अर्थ प्राचीन भारतात घरभाडे अज्ञात होते असा नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घराच्या वादांचे प्रकरण आहे. जाण्यास सांगूनही राहणारा आणि भाडे देणाऱ्याला अकारण बाहेर काढणारा, या दोघांनाही तेथे दंड सांगितला आहे. स्वतःहून सोडून जाणाऱ्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे असाही नियम आहे. भाडेकरूच्या संरक्षणाची कल्पना विसाव्या शतकात जन्मली असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा नियम लगेच पुढे येतो. स्थावर विकावयाचे झाल्यास प्रथम नातेवाईक, नंतर शेजारी, नंतर सावकार अशा क्रमाने घेण्याचा अधिकार सांगितला आहे. परका ग्राहक या सर्वांच्या मागे. मुस्लिम धर्मशास्त्रातील शुफा म्हणजे अग्रक्रयाचा हक्क याच जातीचा आहे. भारतीय संविधानानंतर या कल्पनेला मोठा छेद गेला. केवळ शेजारीपणाच्या आधारावर सांगितलेला अग्रक्रयाचा हक्क संपत्तिविषयक स्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात १९६२ मध्ये दिला. सहहिस्सेदाराचा हक्क मात्र न्यायालयाने निराळा मानला. हा फरक पुढे जोडघराच्या संदर्भात पुन्हा येईल.

दान आणि हिस्सा यांच्या या जगात पैशाने घरावर उत्पन्न मिळविण्याचा मार्ग आला तो भाड्याच्या दाराने नव्हे, गहाणाच्या दाराने. ताबेगहाणात सावकार रक्कम देई, व्याज घेत नसे, आणि त्याऐवजी गहाण वस्तूचा उपभोग घेई. शेत असेल तर पीक, घर असेल तर राहण्याचा किंवा दुसऱ्यास ठेवण्याचा लाभ. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात या प्रकाराला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. घराचा उपभोग म्हणजे गुंतविलेल्या रकमेचे व्याज, हा हिशेब येथे प्रथम मांडला गेला. मुदतखरेदीचे खत हे त्याचेच अधिक कठोर रूप. आजही मोठी अनामत रक्कम देऊन बिनभाड्याने किंवा नाममात्र भाड्याने घर घेण्याची जी रीत अनेक गावांत आहे, ती ताबेगहाणाचीच उलट बाजूने पाहिलेली आकृती होय. येथे भाडेकरू हाच सावकार असतो.

ढोकी परिसरात परका मनुष्य कायमच्या वस्तीसाठी येण्यास प्रारंभ झाला तो रेल्वेमुळे असे म्हणता येईल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने उभारलेली बार्शी लाईट रेल्वे अडीच फूट रुंदीच्या अरुंद मार्गाची. बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डूवाडी, तेथून बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. मुंबई इलाख्याची हद्द ओलांडून निजामाच्या राज्यातून हा मार्ग १९११ मध्ये लातूरला पोहोचला. लातूरची पेठ या मार्गाने मुंबईच्या बाजारपेठेशी जोडली गेली, आणि वाटेतील स्थानकांभोवती मालाची चढउतार वाढली. अशा ठिकाणी भाड्याने प्रथम जाते ती राहती जागा नव्हे. वखार, अडत्याची ओटी, दुकानाचा गाळा यांचे भाडे राहत्या घराच्या भाड्याच्या आधी येते. माल ठेवण्याची जागा परक्यास देण्यात घरच्या अब्रूचा प्रश्न येत नाही; आतल्या चौकात परके कुटुंब ठेवण्यात तो येतो. ढेळजेतील खोली भाड्याने देणे आणि माजघरालगतची देणे यांत जुन्या गृहस्थाच्या लेखी फार अंतर होते.

निजामी राजवटीचा शेवट सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने झाला. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या घडामोडींचा जमिनीवर झालेला परिणाम सर्वांना परिचित आहे. घरांवरील परिणाम अप्रत्यक्ष, परंतु खोल होता. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, पोलीस, पुढे बँकेचे कारकून अशी पगारदारांची नवी फळी गावात आली. हे लोक ना मिरासदार ना उपरी. त्यांची गावाशी बांधिलकी बदलीच्या हुकुमाएवढी. त्यांना घरठाण नको होते, घराचा उपयोग हवा होता, आणि त्यासाठी दरमहा रोख देण्याची त्यांची ऐपत होती. घरभाडे भत्ता हा त्यांच्या वेतनाचाच एक भाग झाला. ग्रामीण भाडेकरूचा खरा जन्म येथे आहे.

या पार्श्वभूमीवर ढोकी येथे तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास सुरू झालेला सहकारी साखर उद्योगाचा प्रयोग महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर मराठवाड्यात पसरला, त्याचाच हा भाग. कारखान्याने गावाच्या वस्तीची उतरंडच नवी केली. सर्वांत वर कारखान्याच्या स्वतःच्या वसाहतीतील अधिकारी व कायम कामगार. सर्वांत खाली ऊसतोड मजूर, ज्यांचे घर म्हणजे हंगामापुरती उभी केलेली कोपी. ते भाडेकरू नव्हेत. गावाच्या घरांशी त्यांचा संबंधच येत नाही, ही गोष्ट घरभाड्याच्या इतिहासात विसरली जाऊ नये. या दोहोंच्या मध्ये जो वर्ग राहिला तोच बिऱ्हाडकरूंचा. वसाहतीत खोली न मिळालेला कारकून, शेतकी खात्यातील चिटबॉय, प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ, वाहनांच्या दुरुस्तीवर जगणारा कारागीर, हॉटेलवाला, खानावळ चालविणारी बाई. यांतील हंगामी कामगाराचा पगारही हंगामी. बंद काळात त्याला धारणभत्ता म्हणून अल्प रक्कम मिळते, आणि त्याचे बिऱ्हाड अनेकदा तेवढ्यापुरते मूळ गावी परतते. भाड्याला असा गळिताचा हंगाम लागतो.

एका कारखान्यावर उभ्या असलेल्या गावाचे घरभाडे म्हणजे त्या कारखान्याच्या वेतनाचाच एक तुकडा होय. हे तेरणा कारखान्याच्या उत्तरार्धाने दाखवून दिले. कर्जाच्या थकबाकीने तो बंद पडला. अनेक हंगाम धुराडे थंड राहिले. पुढे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने तो दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने चालविण्यास दिला. ज्या संस्थेने गावात भाडेकरू आणले तीच स्वतः भाड्याने गेली, हा योगायोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. कारखान्याची यंत्रे, इमारती आणि जमीन यांचे मूल्य त्यांच्या विक्रीत नसून त्यांच्या भाड्यात आहे असे बँकेने मानले. त्या गावातील घरे भाड्यासाठी विकत घेणारा खाजगी गृहस्थ हाच हिशेब लहान प्रमाणात करीत असतो. फरक इतकाच की बँकेचा भाडेकरू गाळप करण्यासाठी येतो, आणि गृहस्थाचा भाडेकरू त्या गाळपाच्या आशेवर येतो.

भाडेनियंत्रणाच्या कायद्यांचा येथे थोडक्यात उल्लेख पुरे. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, भाडेवाढीला बंधन घालणारा कायदा झाला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १९४० च्या पातळीवर भाडी गोठविली. मराठवाड्याला लागू होता तो हैदराबादचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा. विदर्भाचा तिसराच. या तिन्हींची जागा १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात दरवर्षी शेकडा ४ भाडेवाढीची मुभा आहे, आणि घरात केलेल्या विशेष सुधारणांच्या खर्चावर वार्षिक शेकडा १५ पर्यंत वाढ मागण्याची तरतूद आहे. दुरुस्त केलेले घर अधिक भाडे का मागते याचे कायदेशीर सूत्र हे. परंतु हा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता आहे. त्या बाहेरच्या खेड्यात घरमालक व भाडेकरू यांचे नाते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने आणि मुख्यतः गावातील लोकमताने चालते. शहरातील पागडीचा प्रश्न खेड्यात उद्भवला नाही याचे श्रेय खेड्याच्या सचोटीला देण्याचे कारण नाही; तेथे भाडेकरू जागा अडवून बसण्याइतकी जागेची टंचाईच नव्हती.

आता जोडघराच्या घडणीकडे वळावयास हवे. मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे. दोन बाजूंनी दगड रचून मध्ये चिपा व माती भरलेल्या जाड भिंती, आत लाकडी खांब व तुळया, वर आडवी लाकडे, फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर हातभर किंवा अधिक जाडीचा मातीचा थर. घराची मोजदाद खणांत होते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. बारा खणांचे घर, अठरा खणांचा वाडा असे म्हटले जाते. ही मोजणी वाटणीला फार सोयीची. दोन भावांत वाटप झाले की सहा-सहा खण वाटून घ्यावयाचे, चौकाच्या मध्यातून पुरुषभर उंचीची भिंत घालावयाची, एकाने जुना दिंडी दरवाजा ठेवावयाचा आणि दुसऱ्याने परसाकडून नवे दार पाडावयाचे. बळद एकाच्या वाट्याला, आड दुसऱ्याच्या. मराठी गावातील जोडघर हे अशा रीतीने वास्तुकारापेक्षा वारसाहक्काने निर्माण केलेले आहे. एक भाऊ पुण्याला किंवा लातूरला गेला की त्याचा अर्धा भाग रिकामा राहतो, आणि तेथे पहिला भाडेकरू येतो. मग काही वर्षांनी दुसरा भाऊही जातो. दोन बिऱ्हाडांचे, भाड्याने चालणारे, विकाऊ घर तयार होते ते असे.

या घरांच्या इतिहासात ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख निर्णायक आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेने मध्यम होती; माणसे मेली ती प्रायः घरांखाली. मातीत रचलेल्या भिंतींचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते, ते फुटून अलग झाले, आणि माळवदाचा मातीचा भार खाली आला. ज्या थराने उन्हाळ्यात गारवा दिला त्यानेच जीव घेतला. हा प्रदेश तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता; बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत तो तिसऱ्या क्षेत्रात घालण्यात आला.

ढोकी सर्वाधिक हानीच्या पट्ट्यात नव्हते. उमरगा, लोहारा व औसा या भागांतील ५२ गावे संपूर्ण नव्या जागी वसविली गेली. उर्वरित प्रदेशासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने दुरुस्ती व बळकटीकरणाचा कार्यक्रम आखण्यात आला. दीड लाखांहून अधिक घरे या कार्यक्रमाखाली आली. जुन्या घराचे नूतनीकरण ही कल्पना या भागात शासकीय मार्गाने, हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या रकमेसह आली, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. तंत्रज्ञांचा सल्ला सरळ होता : माळवदावरील माती कमी करावी, भिंतींच्या दोन पदरांत आरपार जोडदगड घालावेत, भिंतींना सभोवार पट्टा बांधावा, खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरपे आधार द्यावेत. लोकांनी बऱ्याच ठिकाणी त्या रकमेत भर घालून जुन्या घराशेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि रात्री तिच्यात निजू लागले. तंत्रज्ञांनी यास अज्ञान म्हटले. वस्तुतः ते भयाचे आणि काही अंशी शहाणपणाचेही लक्षण होते. परंतु त्यामुळे जुनी घरे जशीच्या तशी उभी राहिली, आणि तीच पुढे भाड्याने जाऊ लागली. मालक स्लॅबच्या खोलीत आणि भाडेकरू माळवदाखाली, अशी ही विभागणी होय.

आज विकाऊ असलेल्या दुरुस्त घरात बहुधा काय केलेले असते? भिंतींना सिमेंटचा गिलावा, फरशी, स्वतंत्र शौचालय, दोन वेगवेगळे वीजमीटर, पाण्याची टाकी. माळवद काढून त्या जागी पत्रे घातले असतील तर भार कमी होतो व घर अधिक सुरक्षित होते, जरी उन्हाळ्यात ते तापते. परंतु मातीत रचलेल्या त्याच जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकला असेल, तर एक जड छत जाऊन दुसरे जड छत आले एवढेच. भिंत होती तशीच दुबळी राहते. गिलाव्याखाली जोडदगड आहेत की नाहीत हे घेणाऱ्यास दिसत नाही, भाडेकरूस तर विचारण्याचीही सोय नाही. १८८२ च्या अधिनियमाप्रमाणे सामान्य दक्षता घेऊनही न कळणारा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, आणि भाड्याने देणाऱ्यावरही तसेच कर्तव्य आहे. पण ज्याला स्वतःलाच आजोबांनी भिंत कशी रचली हे ठाऊक नाही, तो काय सांगणार? किल्लारीच्या तीस वर्षांनंतर हा प्रश्न सौंदर्याचा किंवा भाड्याच्या दराचा नसून रात्री त्या छताखाली झोपणाऱ्या कुटुंबाचा आहे.

भिंतीनंतर हक्काचा प्रश्न येतो. गावठाणातील घराला सातबारा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा तक्ता आहे. मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, तरी खेड्यातील व्यवहार त्यावरच चालतात. खरेदीखतात घर ओळखले जाते ते चतुःसीमेवरून : पूर्वेस अमुकाचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस भावाचा वाटा. घर हे शेजाऱ्यांच्या नावांनी ठरते. त्यातील 'भावाचा वाटा' हा शब्द खरेदीदाराने सावधपणे वाचावयाचा असतो. राहत्या एकत्र घरातील हिस्सा परक्याने घेतला आणि वाटप मागितले, तर १८९३ च्या वाटप अधिनियमाखाली कुटुंबातील सहहिस्सेदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस तो हिस्सा परत घेऊ शकतो. कौटिल्याच्या काळातील नातेवाइकाचा अग्रक्रम अशा रूपाने जिवंत आहे. घर पूर्वीच विभागले गेले होते की केवळ सोयीसाठी भिंत घातली होती, यावर सारे अवलंबून राहते. आणि ती वाटणी पुष्कळदा तोंडी झालेली असते.

याहून गंभीर गोष्ट बहिणींची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात पुरुष वारस राहत असलेल्या घराचे वाटप स्त्री वारसास मागता येत नसे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायादाचा हक्क दिला; २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर आला आणि राहत्या घराविषयीचे ते बंधनही गेले. हे बंधन होते तेव्हा घर म्हणजे भावांचे निवासस्थान असे कायदाही मानत होता. भावांनी स्वतः तेथे राहणे सोडले, घर भाड्याने दिले, मग विकावयास काढले, की निवासाचे ते समर्थन संपते आणि उरतो तो केवळ पैशाचा हिस्सा. घराचे भांडवल झाले की बहिणीच्या हक्काला आड येणारी भावनेची भिंतही पडावयास हवी. प्रत्यक्षात व्यवहाराच्या आधी तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. या सह्यांचा हिशेब केल्याखेरीज ग्रामीण घराच्या किमतीचा हिशेब पुरा होत नाही.

भूमापनाच्या बाबतीत अलीकडे मोठा बदल झाला आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्र शासनाने स्वामित्व योजनेद्वारे तो देशभर नेला. घरमालकास मिळकतपत्रिका देणे हा तिचा हेतू. आकाशातून छायाचित्र घेण्यापूर्वी प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याची रेषा आखावी लागते. छताखालील मधली भिंत आकाशातून दिसत नाही. एका माळवदाखाली दोन भावांचे वाटे असतील तर ते जमिनीवरच, दोघांच्या संमतीने, दाखवावे लागतात. शेकडो वर्षे तोंडी राहिलेली वाटणी चुन्याच्या त्या रेषेने प्रथमच उघड होते. करआकारणीतही याच दिशेचे पाऊल पडले आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ग्रामपंचायतीची घरपट्टी घराच्या भांडवली मूल्यावर बसू लागली. पांढरीतील घर हे भांडवल आहे, हे शासनाने नियमातच लिहून ठेवले.

मग या भांडवलाचे उत्पन्न किती? येथे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी कल्पित आकडे घेता येतील. वीस लाख रुपयांस घेतलेल्या जोडघराच्या प्रत्येक बिऱ्हाडाचे भाडे दरमहा चार हजार धरले, तर दोन्ही बाजू वर्षभर भरलेल्या असताना ९६ हजार रुपये येतात; म्हणजे शेकडा ४.८. एक बाजू वर्षभर रिकामी राहिली तर तेच शेकडा २.४. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी, पावसाळ्यापूर्वीची दुरुस्ती वजा करावयाची. शहरातील मोठ्या इमारतीत दहापैकी एक बिऱ्हाड रिकामे झाले तर उत्पन्नाचा दशांश जातो. जोडघरात एकाने निम्मे. खेड्यात दुसरा भाडेकरू मिळण्यास किती काळ लागेल हे गावातील घरांच्या संख्येवर नव्हे, पगार देणाऱ्या संस्थांच्या संख्येवर ठरते. आणि पगारदारांचा गावात राहण्याचा कलही ओसरला आहे. शिक्षक, ग्रामसेवक यांनी मुख्यालयी राहावे असा शासनाचा आग्रह असतो, त्यासाठी ग्रामसभेचे ठरावही मागितले जातात. तरी दुचाकीवरून लातूर किंवा धाराशिवहून 'अप-डाउन' करणे रूढ झाले आहे. २००७-०८ मध्ये बार्शीच्या अरुंद मार्गाची जागा रुंद मार्गाने घेतली, तेव्हा प्रवास अधिकच सुकर झाला. १९११ मध्ये ज्या रेल्वेने परका मनुष्य गावात आणला, तिच्याच वारसाने त्याला संध्याकाळी परत नेण्याची सोय केली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याच्या गाड्या गेल्या त्याही कुर्डूवाडीवरून याच मार्गाने. पाण्याचा तुटवडा असलेल्या प्रदेशात दोन बिऱ्हाडांच्या घराला किती पाणी पुरविता येईल हा खर्चाचा आणखी एक रकाना आहे.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी एक साधन हाताशी आहे आणि त्याचा उपयोग व्हावयास हवा. नमुना ८ मध्ये मालकाच्या नावाचा आणि प्रत्यक्ष भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा असे दोन स्वतंत्र रकाने असतात, आणि आकारणीचा तक्ता दर चार वर्षांनी नव्याने होतो. ज्या घरांपुढे ही दोन नावे भिन्न आहेत त्यांची संख्या १९६० नंतरच्या प्रत्येक तक्त्यातून काढून ती कारखान्याच्या चालू व बंद हंगामांशेजारी मांडली, तर ढोकीतील बिऱ्हाडकरूंची भरती-ओहोटी प्रथमच मोजता येईल. जुन्या तक्त्यांचे कागद जीर्ण आहेत आणि ग्रामपंचायतींच्या कपाटांत त्यांना वाळवी लागते. हे काम लवकर हाती घेतले पाहिजे.